घाम, विसावा आणि स्मृती

दोन वर्षांपूर्वी आमच्या संघटनेच्या कचेरीत एक तरुण आपल्या वडिलांना घेऊन आला. वडील तीस वर्षे बाजारात हमाली करून घरी बसलेले. भविष्यनिर्वाह निधीच्या कागदांवर त्यांची सही हवी होती. सही त्यांनी केली. पण ती कशासाठी केली, हे पाच मिनिटांत तीन वेळा विचारले. पहिल्या मुकादमाचे नाव, त्या वेळी पोत्यामागे मिळणारी मजुरी, पहिला संप किती दिवस चालला, हे सारे त्यांना बिनचूक आठवत होते. सकाळी काय खाल्ले, ते मात्र आठवत नव्हते. निघताना मुलाने खिशातून वर्तमानपत्राचे एक कात्रण काढले आणि म्हणाला, “भाऊ, यात लिहिले आहे की जोराच्या व्यायामाने म्हातारपणी स्मरणशक्ती टिकते. आमच्या वडिलांनी तीस वर्षे पाठीवर पोती वाहिली. याहून जोराचा व्यायाम कोणता? मग त्यांची आठवण का गेली?”

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही वैद्य नव्हे आणि पदवीधरही नव्हे. जे थोडेफार शिकलो ते संघटनेच्या कचेरीत, रात्री, शब्दकोश शेजारी ठेवून शिकलो. परंतु प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढून जाईना, म्हणून शोधाला लागलो. शोधता शोधता जो इतिहास हाती आला, तो प्रयोगशाळेइतकाच बसच्या जिन्यावर, गोदीच्या धक्क्यावर आणि टपालाच्या थैलीत घडलेला आहे, असे दिसून आले. तोच आज आपल्यापुढे मांडावा, असे योजिले आहे.

या इतिहासाचा आरंभ १९५३ साली होतो. त्या एकाच वर्षी एकमेकांपासून शेकडो कोसांवर दोन घटना घडल्या. एक लंडनमध्ये, दुसरी अमेरिकेतील हार्टफर्ड गावी. एकीचा संबंध हृदयाशी, दुसरीचा स्मृतीशी. या दोन प्रवाहांचा संगम व्हायला पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला. आपण प्रथम लंडनला जाऊ.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात हृदयविकाराच्या झटक्याने माणसे मरण्याचे प्रमाण वाढत चालले होते, आणि कारण कोणालाच नीट उमगत नव्हते. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने या प्रश्नाला हात घातला. हा मॉरिस १९१० साली जन्मलेला, स्कॉटलंडातील ग्लासगो शहरात गरिबीत वाढलेला, स्थलांतरित ज्यू कुटुंबातला मुलगा. युद्धकाळात सैन्याचा डॉक्टर म्हणून तो हिंदुस्थानातही येऊन गेला होता. माणसाचा धंदा आणि त्याचा आजार यांचा काही संबंध असेल काय, असा प्रश्न त्याने विचारला, आणि उत्तरासाठी तो लंडनच्या दुमजली तांबड्या बसगाड्यांकडे वळला.

या निवडीतली युक्ती ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या बसवर दोन माणसे काम करीत, एक चालक आणि दुसरा वाहक. दोघे एकाच वर्गातले. रस्ता तोच, धूळ तीच, पाळीही तीच. फरक एवढाच की चालक पाळीचा सुमारे नव्वद टक्के वेळ बसून काढी, तर वाहक तिकिटे देत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे. निसर्गाने जणू प्रयोग मांडून ठेवला होता. पाहणारा डोळा तेवढा हवा होता. मॉरिसने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे ३१,००० परिवहन कामगारांच्या आजारपणाच्या आणि मृत्यूच्या नोंदी तपासल्या. चालकांच्या मानाने वाहकांना हृदयविकार कमी होत होता, उशिरा होत होता, आणि झालाच तर त्यात दगावण्याचे प्रमाणही कमी होते. पुढे टपाल खात्यातही तसेच आढळले. पायी किंवा सायकलवर पत्रे वाटणारा पोस्टमन हा खुर्चीत बसणाऱ्या कारकुनापेक्षा आणि टेलिफोनवरच्या माणसापेक्षा सुरक्षित होता. १९५३ च्या नोव्हेंबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

शंका घेणारे होतेच, आणि ते असलेही पाहिजेत. लठ्ठ माणसे मुळातच चालकाची नोकरी धरत असतील, असा त्यांचा आक्षेप होता. मॉरिसने याचे उत्तर कोठे शोधावे? गणवेशाच्या कोठारात. कामगारांना दिलेल्या विजारींच्या कमरेची मापे तिथे लिहून ठेवलेली होती. १९५६ साली ती मापे प्रसिद्ध झाली, तेव्हा आक्षेपात काही तथ्य असल्याचे दिसले. चालकांच्या कमरा खरोखरच मोठ्या होत्या. परंतु सारख्याच मापाची विजार घालणारे चालक आणि वाहक समोरासमोर ठेवले, तरीही वाहकच अधिक सुरक्षित निघाला. शिंप्याच्या फितीने शास्त्राची एवढी सेवा क्वचितच केली असेल.

मुंबईतही १९३७ पासून दुमजली बस धावू लागली होती. ‘चला, पुढे सरका’ म्हणत जिना चढणारे वाहक आम्ही लहानपणापासून पाहिले. त्यांचे पाय हे एखाद्या शास्त्राचे साधन ठरेल, हे आमच्या कधी स्वप्नातही आले नव्हते.

आता व्यायामाच्या जोराचा, म्हणजे तीव्रतेचा प्रश्न या इतिहासात कसा शिरला ते पाहू. मॉरिसला लवकरच कळून चुकले की यंत्रे येत आहेत आणि अंगमेहनतीची कामे कमी होत आहेत. तेव्हा बैठ्या माणसाने कामाबाहेरच्या वेळात काय करावे, हा पुढचा प्रश्न. १९६८ साली त्याने सरकारी कचेऱ्यांतील मध्यमवयीन अधिकाऱ्यांची पाहणी आरंभिली. सोमवारी सकाळी, आगाऊ सूचना न देता, त्यांना आदल्या शुक्रवारी आणि शनिवारी काय काय केले ते लिहावयास सांगितले. १९७३ साली निष्कर्ष आला. ज्यांनी दम लागेल असा जोरदार व्यायाम केला होता, त्यांना हृदयविकार होण्याचा धोका इतरांच्या सुमारे एक तृतीयांश होता. रमतगमत केलेल्या हालचालीचा मात्र तसा लाभ त्या पाहणीत आढळला नाही.

जवळजवळ त्याच सुमारास अमेरिकेत राल्फ पॅफेनबार्गर नावाचा डॉक्टर सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदी कामगारांच्या नोंदी तपासत होता. १९५१ साली गोदी कामगारांच्या युनियनच्या पुढाकाराने त्यांची आरोग्यतपासणी झाली होती. त्या नोंदी पायाभूत धरून सहा हजारांवर कामगारांचा बावीस वर्षे मागोवा घेण्यात आला. १९७५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की जड माल हाताळणाऱ्यांत हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण हलके काम करणाऱ्यांच्या निम्म्याच्या आसपास होते. आणि अधूनमधून जोराने केलेले श्रम हे त्या संरक्षणाचे कारण असावे. ‘अधूनमधून’ हा शब्द श्रोत्यांनी मनात ठेवावा. त्याचे काम आम्हांला पुढे पडणार आहे.

इथवर हृदयाची कथा झाली. आता १९५३ सालच्या दुसऱ्या घटनेकडे वळू.

हार्टफर्डमध्ये हेन्री मोलायसन नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण फेफऱ्याने हैराण झाला होता. डॉक्टर स्कोव्हिल यांनी शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला काही भाग काढून टाकला. त्यात हिप्पोकॅम्पस नावाच्या अवयवाचा बराच अंश गेला. समुद्रघोड्यासारखा आकार, म्हणून हे ग्रीक नाव. फेफरे कमी झाले. बुद्धी शाबूत राहिली. बालपणीच्या गोष्टी आठवत राहिल्या. परंतु नवी आठवण धरून ठेवण्याची शक्ती कायमची गेली. आता भेटलेला माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की तो त्याला नवाच वाटे. ब्रेंडा मिल्नर या विदुषीने त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. १९५७ साली तिने आणि स्कोव्हिल यांनी मिळून लिहिलेल्या लेखाने नवी स्मृती घडविण्याचे काम मेंदूच्या या कोपऱ्यात चालते, हे जगापुढे आणले. मोलायसन २००८ साली वारला. त्याने जे गमावले त्यातून सगळ्या मानवजातीला ज्ञान मिळाले.

हिप्पोकॅम्पस म्हणजे काय, हे कळायला लंडनच्या रस्त्यांनीच पुन्हा मदत केली. तिथल्या टॅक्सीवाल्याला परवाना मिळण्यापूर्वी शहरातील सुमारे पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर या संशोधिकेने २००० साली या टॅक्सीवाल्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली, तेव्हा त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचे दिसले. २००६ साली तिने त्यांची तुलना बसचालकांशी केली. बसचालकही दिवसभर त्याच शहरात गाडी चालवितो, पण ठरलेल्या मार्गाने. त्याच्या मेंदूत ती वाढ आढळली नाही. ज्या बसचालकाने अर्ध्या शतकापूर्वी हृदयाविषयी साक्ष दिली होती, त्याच्याच बिरादरीने पुन्हा उभे राहून मेंदूविषयीही साक्ष दिली. मेंदूला नवे काही शिकावे लागते, तेच ते काम त्याला वाढवीत नाही, असे त्या साक्षीचे तात्पर्य.

परंतु प्रौढ माणसाचा मेंदू वाढतो तरी कसा? स्पेनचा थोर शास्त्रज्ञ रामोन इ काहाल याने विसाव्या शतकाच्या आरंभी सांगून ठेवले होते की प्रौढ मेंदूत मज्जातंतू मरू शकतात, नवे जन्मत नाहीत. या मताची छाया पुढे बराच काळ राहिली. १९६५ साली जोसेफ ऑल्टमन याने गोपाल दास या सहकाऱ्यासह मोठ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जन्मानंतरही नव्या पेशी तयार होतात असे दाखविले, तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. काळ गेला. १९९५ साली कॅलिफोर्नियात कार्ल कॉटमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले की उंदरांना फिरत्या चाकावर धावू दिले तर त्यांच्या मेंदूत बीडीएनएफ नावाच्या द्रव्याचे प्रमाण वाढते. हे द्रव्य मज्जापेशींना पोसते; पिकाला खत, तसे त्याचे काम. १९९९ साली सॉल्क संस्थेत हेन्रिएट व्हान प्राग आणि फ्रेड गेज यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. धावणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी अधिक आढळल्या आणि ते उंदीर शिकण्यातही पुढे गेले. माणसाच्या प्रौढ मेंदूत अशा नव्या पेशी किती जन्मतात, यावर २०१८ साली दोन गटांनी परस्परविरुद्ध निष्कर्ष मांडले, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. पण पायांचा आणि स्मृतीचा संबंध आहे, एवढे प्रस्थापित झाले. १९५३ चे दोन्ही प्रवाह येथे एकत्र आले.

मग माणसांवर प्रयोग झाले. १९९९ साली इलिनॉय विद्यापीठात आर्थर क्रेमर याने ६० ते ७५ वर्षांच्या १२४ बैठ्या माणसांचे दोन गट पाडले. एका गटाने सहा महिने चालण्याचा व्यायाम केला, दुसऱ्याने अंग ताणण्याचा. लक्ष एकाग्र करणे, एका कामावरून दुसऱ्या कामावर मन वळविणे, अशा बाबतींत चालणारे पुढे गेले. २०११ साली कर्क एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी १२० वृद्धांवर वर्षभर प्रयोग केला. आठवड्यातून तीन दिवस, हळूहळू वाढवीत चाळीस मिनिटांपर्यंत, भरभर चालणे. वर्षाअखेर चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सरासरीने दोन टक्क्यांनी वाढला. केवळ अंग ताणणाऱ्यांचा सुमारे १.४ टक्क्यांनी घटला. उतारवयात हा अवयव दरसाल एक-दोन टक्क्यांनी झिजतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळेल.

तीव्रतेचा प्रश्न आता ऐरणीवर आला. हळू चालावे की धापा टाकाव्यात? येथे एक साधी कसोटी सांगतो, ती घरी नेण्यासारखी आहे. व्यायाम करताना बोलता येते पण गाता येत नाही, तो मध्यम व्यायाम. दोन-चार शब्दांपलीकडे बोलताच येत नाही, तो तीव्र. २०१९ साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात आना कोवाचेविच आणि जेनिफर हाइझ यांनी ६४ बैठ्या वृद्धांचे तीन गट केले. पहिल्या गटाने चार मिनिटे जोरात, मग थोडे हळू, पुन्हा चार मिनिटे जोरात, अशी चार आवर्तने केली. दुसऱ्याने सलग मध्यम चालणे केले. तिसऱ्याने केवळ अंग ताणले. बारा आठवड्यांनंतर पहिल्या गटाची एका विशिष्ट स्मृतीची कसोटी तीस टक्क्यांपर्यंत सुधारली; इतर दोन गटांत तशी सुधारणा दिसली नाही. २०२४ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठातूनही असाच निष्कर्ष आला. ६५ ते ८५ वर्षांच्या माणसांनी सहा महिने देखरेखीखाली तीव्र आणि मंद यांची आलटूनपालटून आवर्तने केली, आणि हिप्पोकॅम्पसवर अवलंबून असलेल्या शिकण्याच्या शक्तीत झालेली सुधारणा पाच वर्षांपर्यंत टिकली. यामागे एक कारण असे सांगतात की जोराच्या श्रमात स्नायूंमध्ये लॅक्टेट नावाचे द्रव्य तयार होते, ते रक्तावाटे मेंदूपर्यंत पोचते, आणि बीडीएनएफ वाढविण्यास हातभार लावते.

एवढे ऐकून कोणी उद्या सकाळपासून धावत सुटेल, म्हणून दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम शहरी सत्तरी ओलांडलेल्या पंधराशेहून अधिक माणसांवर पाच वर्षांचा मोठा प्रयोग झाला. त्यातील काहींच्या मेंदूची छायाचित्रे घेतली, तेव्हा सरकारी सल्ल्याप्रमाणे आपापल्या परीने हिंडणाऱ्या-फिरणाऱ्यांपेक्षा देखरेखीखाली तीव्र व्यायाम करणाऱ्यांचा मेंदू सरस राहिला, असे काही दिसले नाही. इंग्लंडात स्मृतिभ्रंश जडलेल्या ४९४ रुग्णांना मध्यम ते तीव्र व्यायाम देऊन पाहिला. २०१८ साली निष्कर्ष आला की अंगात ताकद आली, पण स्मृतीची घसरण थांबली नाही. म्हणजे व्यायाम हे आधीपासून घालायचे खत आहे. वठलेल्या झाडाला पालवी फोडणारा मंत्र तो नव्हे.

आता आपण त्या तरुणाच्या प्रश्नापाशी येतो. तीव्र श्रमाने स्मृती टिकत असेल, तर हमालाची स्मृती सर्वांत पक्की असावयास हवी.

याचे उत्तर डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनमध्ये आहे. तिथे १९७०-७१ साली चौदा मोठ्या आस्थापनांतील मध्यमवयीन पुरुषांची नोंद करण्यात आली. रेल्वे, टपाल, सैन्य यांतली ही माणसे. कोणाचे काम बसून, कोणाचे उभ्याने, कोणाचे ओझी उचलण्याचे, हे लिहून ठेवले होते. जवळजवळ पन्नास वर्षांनी कर्स्टन नाबे-नील्सन आणि सहकाऱ्यांनी यांपैकी ४,७२१ जणांचा मागोवा घेतला. २०२० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की बैठे काम करणाऱ्यांपेक्षा जड अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका ५५ टक्क्यांनी अधिक होता. सामाजिक स्थितीसारख्या इतर गोष्टींचा हिशेब करूनही हा फरक उरला. पुढच्याच वर्षी त्याच शहरातील एक लाखाहून अधिक स्त्रीपुरुषांच्या पाहणीतून हृदयाविषयीही तेच निघाले. फुरसतीच्या वेळात शरीर हलविणाऱ्यांचा धोका घटत होता. कामावर शरीर झिजविणाऱ्यांचा वाढत होता.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि बराच वेळ स्वस्थ बसलो. तोच घाम, तेच स्नायू, तेच हृदय. एकाला आयुष्य देतात आणि दुसऱ्याचे नेतात, हे कसे?

आंद्रेआस होल्टरमन या डॅनिश संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी याची कारणे मांडली आहेत. पहिले, कामावरचे श्रम आठ-आठ तास रेटले जातात. हृदय बळकट होईल इतके ते तीव्र नसतात, पण शरीर थकेल इतके दीर्घ असतात. दुसरे, त्यामुळे नाडी दिवसभर, आणि रात्रीही, चढी राहते. तिसरे, ओझे उचलण्याने आणि एकाच ठेवणीत अवघडून राहण्याने रक्तदाब वाढतो. चौथे, शरीराची झीज भरून यायला जी विश्रांती लागते, ती मिळत नाही. पाचवे, केव्हा थांबावे हे कामगाराच्या हाती नसते. धावणारा दम लागला की थांबतो, हमालामागे मात्र गाडी उभी असते. सहावे, विसाव्यावाचून रोज केलेल्या श्रमाने शरीरात एक सूक्ष्म दाह धुमसत राहतो.

आता आपण मागे ठेवलेला शब्द उचलू. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीत ज्याने संरक्षण मिळाल्यासारखे दिसले ते श्रम ‘अधूनमधून’ होणारे होते. लंडनचा वाहक जिना चढे, पण पाठीवर ओझे नसे, आणि वर पोचल्यावर तिकिटे देताना श्वास खाली बसे. कॅनडातील वृद्ध चार मिनिटे धापा टाकीत, मग हळू चालत. तिन्ही ठिकाणी जोराच्या मागोमाग विसावा आहे. आमच्या समजुतीप्रमाणे या साऱ्या इतिहासाचे सार असे की तीव्रता एकटी काही करीत नाही. तीव्रतेला विश्रांतीची जोड मिळाली की तिला व्यायाम म्हणतात. ती जोड तोडली की उरते ती निव्वळ राबणूक.

हे सार पाहिले आणि आम्हांला नारायण मेघाजी लोखंडे आठवले. १८८४ साली मुंबईत त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. मागण्या काय होत्या? आठवड्याला रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच. सहा वर्षांच्या लढ्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. हिप्पोकॅम्पसचे नाव लोखंड्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु विसाव्यावाचून माणूस आतून झिजतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने आपला पहिलाच करार आठ तासांच्या दिवसाचा केला. १९६७ साली तिनेच प्रौढ पुरुषाने हाताने वाहून न्यायचे ओझे ५५ किलोंच्या आत आणावे, अशी शिफारस केली. आपल्या महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. आम्ही आजवर या सगळ्यांकडे मजुरीचे आणि माणुसकीचे प्रश्न म्हणून पाहत होतो. ते मेंदूचेही प्रश्न आहेत, हे कळायला आम्हांला पन्नाशी ओलांडावी लागली.

स्मृतिभ्रंशाला एकच कारण असते, असे मात्र कोणी समजू नये. २०२४ साली ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. त्यांत व्यायामाचा अभाव आहे. पण अपुरे शिक्षण, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपणा, एकाकीपणा आणि दूषित हवा हीही आहेत. या साऱ्यांचा बंदोबस्त झाला तर जगातील जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. ही यादी गिरणी, गोदी आणि बाजार यांच्या दारात उभे राहून वाचावी. चौथीतून शाळा सुटलेला, यंत्राच्या खडखडाटाने कान गेलेला, रक्तदाब कधी न तपासलेला माणूस त्या यादीत पानोपानी भेटतो.

मग करावे काय? श्रोत्यांपैकी जे खुर्चीवर बसून काम करतात, त्यांनी आठवड्यातून दीडशे मिनिटे तरी भरभर चालावे. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा सल्ला तोच आहे, आणि तीव्र व्यायाम असेल तर पाऊणशे मिनिटे पुरतात. प्रकृती धड असेल आणि डॉक्टरांची ना नसेल, तर मधून मधून दम लागेल असा वेग घ्यावा व मग हळू व्हावे. गावातल्या तालमीत जोर-बैठका काढणारा पहिलवान एक फेरी झाली की मातीवर बसून श्वास घेतो. त्याला हे तत्त्व कोणी प्रयोगशाळेत शिकविले नव्हते. आणि जे अंगमेहनत करतात, त्यांना ‘तुम्हांला व्यायामाची गरज काय’ असे म्हणण्याचे आपण सोडून द्यावे. त्यांना हलके पोते हवे, कामात ठरलेला विसावा हवा, रक्तदाब तपासणारा डॉक्टर हवा. आणि दिवसाच्या शेवटी एक तास असा हवा की ज्यात शरीर त्यांच्या स्वतःच्या मर्जीने हलेल. तो तास दान म्हणून कोणी देत नसतो. लोखंड्यांना रविवारसाठी सहा वर्षे लागली.

तो तरुण मध्यंतरी पुन्हा भेटला. आम्ही त्याला सांगितले, “तुझ्या वडिलांची आठवण नेमकी कशाने गेली, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. हजारो माणसांच्या पाहणीतून एका माणसाचे निदान होत नसते. पण एवढे खरे की त्यांनी वाहिली ती पोती व्यायाम नव्हता. तो दोष त्यांचा नव्हे.” तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “भाऊ, मी आता रोज संध्याकाळी त्यांना नदीकाठाने हिंडवून आणतो. वाटेत ते हमालीच्या गोष्टी सांगतात. रोज त्याच सांगतात, पण मी ऐकतो.”

आम्ही त्याला म्हटले, “हिंडवीत जा. आणि तू स्वतः त्यांच्यापेक्षा जरा जोरात चाल.” मग आम्ही त्याला त्याच्या पाळीचे तास विचारले. तो एका गोदामात बारा तास माल उचलतो. आम्ही वही काढली आणि त्याचे नाव लिहून घेतले.